प्रॉम्प्टरची एन्ट्री

इंदूर, ११ जुलै १९९३

ती. आत्या,

नमस्कार. साष्टांग मला जमत नाही आणि तुला खपत नाही, म्हणून दोघांच्या सोयीने साधाच.

बाबा बरे आहेत. मिल बंद होऊन दीड वर्ष झालं, तरी हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसतो. एकवीस वर्षं टाइमकीपर होते, ती सवय कुठे जाणार? आता दूधवाल्याची हजेरी घेतात. काल त्याला सात मिनिटं उशीर झाला तर कारण विचारलं. दूधवाला बिचारा म्हशीची तब्येत सांगत बसला.

आता खरी बातमी. दिवाळीनंतरच्या एकांकिका स्पर्धेसाठी मंडळाने माझी एकांकिका निवडली. नाव ‘विंगेतला माणूस’. एका प्रॉम्प्टरची गोष्ट आहे. पोलिओने पाय गेलेला हा माणूस डाव्या विंगेत स्टुलावर बसून बारा वर्षं दुसऱ्यांना त्यांची वाक्यं पुरवतो. नट विसरला की हा हळूच सांगतो. नटाला टाळ्या मिळतात, याला डास चावतात. आणि या बारा वर्षांत रंगमंचावरच्या एका व्यक्तीवर त्याचं प्रेम बसलेलं आहे. नाटकातली प्रेमाची सगळी वाक्यं त्याने त्या व्यक्तीच्या कानात सांगितली आहेत, पण स्वतःची म्हणून एकही नाही. शेवटी एक दिवस तो उठून उजेडात येतो.

आत्या, तू माझ्या प्रॉम्प्टिंगवर तीन नाटकं काढली आहेस. हा माणूस कोण हे तुला सांगायला नको. ती व्यक्ती कोण, ते मात्र विचारू नकोस.

घोळ पुढे आहे. मंडळाचे अध्यक्ष लक्ष्मीकांतजी यांनी माझी भूमिका जयेशला दिली. म्हणाले, “जयेश लंगडं फार मस्त करतो.” मीटिंगमध्ये त्याच्याकडून करूनही घेतलं, माझीच कुबडी घेऊन. मी म्हटलं, मी आहे ना, मला नक्कल करावी लागणार नाही. तर म्हणाले, “हे बघा हृषीकेशजी, पब्लिक को एंजॉय करना है. तुम्हाला खरंच त्रास होतोय हे दिसलं, तर लोक नाटक सोडून हळहळत बसतील.” म्हणजे खोटा लंगडा चालतो, खरा चालत नाही.

दिवसभर प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी दुसऱ्यांची वाक्यं सांगायची, यात माझं वय चौतीस झालं. ही भूमिका मला स्वतः करायची आहे, आत्या. इतक्या हट्टाने मी आजवर काहीच मागितलेलं नाही. काय करू, सांग.

तुझा,
हृषीकेश


सांगली, २४ जुलै १९९३

चि. हृषीकेशला अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा,

धपाटा अशासाठी, की ‘विचारू नकोस’ असं लिहून तू मला रात्रभर जागवलंस. विचारलं नाही, पण ओळखलं. अमिता! मी इंदूर सोडलं तेव्हा दोन वेण्या घालून छोट्या भूमिका करायची, आता तुमची नायिका झाली आहे म्हणे. मागच्या दोन्ही पत्रांत तिचं कौतुक होतं. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही.

पोरा, बारा वर्षं विंगेत बसून राहिलास? तुझ्या आजोबांनी तरी आजीला पाहून दुसऱ्याच दिवशी होकार कळवला होता. असू दे. मला जे करायला हवं होतं ते मी केलं आहे. काय ते लवकरच कळेल.

भूमिकेचं म्हणशील तर भांड. मी नायिका म्हणून उभी राहिले तेव्हा मंडळात म्हणत होते, शिक्षिकेने तोंडाला रंग लावू नये. मी रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी शाळेतही गेले, कानामागे थोडा राहिला होता तो तसाच. लक्ष्मीकांत तेव्हा पडदा ओढायचा. त्याला माझं नाव सांग.

दादाला म्हणावं, दूधवाल्याला छळू नकोस.

तुझी,
सुलोचनाआत्या


इंदूर, ६ ऑगस्ट १९९३

ती. आत्या,

तू काय केलंस ते कळलं.

रविवारी सकाळी अमिताची आई, तुझी मैत्रीण प्रमोदिनीताई, किलोभर पेढे घेऊन आमच्या दारात. मी दाढी करत होतो. “दौलतरावजी, सुलोचनाचं पत्र आलं हो! आम्हाला पायाबियाचं काही नाही, मुलगा गुणी आहे,” असं बाहेरूनच सुरू. बाबांना आधी काही समजलं नाही, मग सगळं समजलं. आत्या, मिल बंद झाल्यापासून बाबांना मी हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी हसले. स्वतः उठून चहा केला, प्रमोदिनीताईंना माझी शाळेतली बक्षिसं दाखवली. मी अर्ध्या दाढीने उभा.

संध्याकाळी तालमीत अमिता हसून हसून खाली बसायची राहिली. तिचं बँकेतल्या एका मुलाशी ठरल्यासारखं आहे, हे सगळ्या तालमीला माहीत आहे, फक्त तिच्या आईला नाही. ती म्हणाली, “हृषीदादा, तू ना घबरा, घरी मी सांभाळते.” तिने सांभाळलं. पण बाबांचं हसणं परत गेलं. पेढ्यांचा डबा अजून फडताळात आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही.

तू चुकीच्या माणसाला पत्र लिहिलंस म्हणून मी रागावलेलो नाही. चूक माझी आहे. मी कोड्यात लिहिलं, तू सरळ वाचलंस. आता सरळ लिहितो.

ती व्यक्ती म्हणजे अमिता नाही. जयेश आहे.

मी पुरुष आहे आणि माझं प्रेम एका पुरुषावर आहे. हे वाक्य मी पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलं. प्रूफरीडर आहे, खोडायला वेळ लागत नाही. या वेळी राहू देतो.

जयेशला तू ओळखतेस. मिलच्या घडी खात्यात होता, आता पोलोग्राउंडला एका कारखान्यात पॅकिंग करतो. आई गेल्यापासून एकटाच राहतो. मी त्याला कधी काही बोललो नाही. माझी भूमिका त्याला मिळाली म्हणून त्याच्यावर चिडताही येत नाही, ही आणखी एक कटकट. नाटकात मी सगळं लिहिलं आहे, नटाचं पात्र पुरुषच ठेवलं आहे. पण लक्ष्मीकांतजींनी ते वाचून डोळे पुसले आणि म्हणाले, “वा, मित्रप्रेमावर इतकं उदात्त आजवर वाचलं नाही!” मी वही परत घेतली.

तुला किळस आली तर तसं लिही. पण लिही.

तुझा,
हृषीकेश


सांगली, १९ सप्टेंबर १९९३

चि. हृषीकेश,

तुझं पत्र येऊन महिना उलटून गेला. तू रोज पोस्टमनची वाट पाहिली असशील, याचं मला वाईट वाटतं. मी तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात तुला रागावले. दुसऱ्यात एक डॉक्टर सुचवला. तिसऱ्यात देवाला नावं ठेवली, की याला एक पाय कमी दिलास तेवढं पुरे नव्हतं का? मग वाटलं, लोक हळहळतील म्हणणाऱ्या लक्ष्मीकांतवर तू चिडलास आणि मी इथे बसून हळहळतेच आहे. म्हणून हे चौथं.

मला सगळं समजलं असं म्हणणार नाही. एकोणसाठाव्या वर्षी एकदम समजत नाही. किळस मात्र आली नाही. तू माझ्या मांडीवर बाराखडी शिकलास.

पण मधल्या काळात माझ्या डोक्यात एक वेगळीच गोष्ट घोळत होती. चौऱ्याऐंशी सालचं आपलं नाटक आठव. जयेश माझा मुलगा झाला होता. तालमी आमच्या ओट्यावर चालायच्या आणि तू प्रेसमुळे उशिरा यायचास. तू यायच्या आधी जयेशचं सगळं पाठ असायचं. त्याचं तर असायचंच, माझंही असायचं. मी अडले की तोच सांगायचा. आणि प्रयोगाला? दुसऱ्या अंकात माझी एन्ट्री आली की हा शहाणा डावीकडे सरकत विंगेला टेकायचा आणि ‘विसरायचा’. मी ताटकळत उभी. सहा प्रयोग झाले, सहाही वेळा तेच. उजव्या विंगेपाशी एकदाही विसरला नाही. मी झापलं तर म्हणाला, “सुलोचनाबाई, उजेडात डोकं रिकामं होतं हो.”

मी मुख्य नटी होते, मला फक्त माझी एन्ट्री फुकट जाताना दिसली. आज नऊ वर्षांनी कळलं, तो विसरत नव्हता. डाव्या विंगेत तू बसायचास.

जा आणि त्याला विचार. आणखी एक, हे ऐकच. दादाला वही आधी वाचायला दे. भर सभागृहात, चारशे माणसांत बसून त्याला हे कळता कामा नये. तो चिडेल, रडेल, काय करेल ते घरात करू दे.

प्रमोदिनीला मी माफीचं पत्र लिहिलं आहे. पेढे खाऊन टाका, अन्नाचा काय दोष?

तुझी,
आत्या


इंदूर, १२ ऑक्टोबर १९९३

ती. आत्या,

विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत पोलोग्राउंडला गेलो. गेटसमोर चहाची गाडी आहे, तिथल्या बाकावर बसलो. सरळ विचारलं, “चौऱ्याऐंशीत तू खरंच विसरायचास का?” जयेशने चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाला, “अब पूछ रिये हो, भिया?” मी म्हटलं, मला चालायला वेळ लागतो, माहीत आहे ना तुला. यावर तो इतका हसला की चहा शर्टावर. मग हळू आवाजात म्हणाला, “मिलमध्ये मशीनचा आवाज, घरी आईला कमी ऐकू यायचं. सगळे माझ्याशी ओरडूनच बोलायचे रे. फक्त तू हळू बोलायचास. ते ऐकायला यायचो.”

पुढचं लिहिण्यासारखं काही झालं नाही. भोंगा झाला, तो आत गेला. जाताना माझी कुबडी मला उचलून दिली आणि ती सोडायला जरा वेळ लावला. मी आनंदात आहे, आत्या. प्रेसमध्ये दोन दिवस चुका राहिल्या.

त्याच संध्याकाळी जयेशने लक्ष्मीकांतजींना सांगितलं, “ये रोल मैं नहीं करूँगा, हृषी का है.” तो आता नटाची भूमिका करतो. अमिता म्हणाली, असं होणार नसेल तर ती पण नाही. मी म्हटलं, मी प्रॉम्प्टिंग सोडतो. मग लक्ष्मीकांतजींनी दोन तास पान चघळलं आणि तयार झाले.

राहिला प्रश्न स्टेजचा. तुला आठवत असेल, सभागृहात समोरून पाच दगडी पायऱ्या आहेत आणि मागून लोखंडी शिडी. बारा वर्षं मला प्रेक्षक यायच्या आधी दोघं जण उचलून विंगेत ठेवतात, सामानाच्या पेटीनंतर आणि हार्मोनियमच्या आधी. आम्ही पाच जणांनी, म्हणजे मी, अंधशाळेतले गायनमास्तर आणि माझ्यासारखे आणखी तिघे, सरकारी कचेरीत अर्ज दिला की एक उतार बांधा. तिथला बाबू म्हणाला, “आप लोगों को बस का पास फ्री है ना, और क्या चाहिए?” आम्ही म्हटलं, बस स्टेजवर जात नाही. तेव्हापासून दर सोमवारी पाचही जण जातो आणि त्याच्यासमोर बसतो. त्याला आता आमची नावं पाठ झाली आहेत.

उतार नोव्हेंबरच्या आत होत नाही. म्हणून मी चढणंच नाटकात घातलं. पडदा उघडेल तेव्हा मी प्रेक्षकांत असेन. तिथून उठेन आणि त्या पाच पायऱ्या एकटा चढेन. संवाद नाही, संगीत नाही. तालमीत चार मिनिटं लागतात. जयेश वर उभा असतो आणि त्याने हात द्यायचा नाही, असं मीच लिहिलं आहे. लोकांना पहिल्यांदा दिसू दे, की विंगेतला माणूस विंगेत पोचतो कसा.

बाबांना मागच्या सोमवारी वही दिली. खिडकीत बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग वही देवाच्या फडताळावर ठेवली आणि भाजी आणायला गेले. आज आठ दिवस झाले, एक शब्द नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला त्यांची भीती नाही वाटत, ते एकटे पडतील याची वाटते.

तुझा,
हृषीकेश


सांगली, २३ ऑक्टोबर १९९३

चि. हृषीकेश,

डोळ्याचं ऑपरेशन पाच तारखेला आहे, म्हणून स्पर्धेला येता येणार नाही. अक्षर मोठं आलं तर समजून घे.

दादाला मी काही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. एकदा मध्ये पडून पाहिलं, पेढे वाया गेले. त्याला वेळ दे. पण तो आला नाही तरी तुला चढायचं आहे, हे आजच मनाशी पक्कं कर.

एक धंद्यातली गोष्ट सांगते. पायऱ्यांवर घाई करू नकोस. लोक कंटाळतील, खोकतील, कंटाळू दे. नटाने घाई केली की तो माफी मागतो आहे असं दिसतं.

जयेशला आशीर्वाद सांग. हे लिहायला मला फार जड गेलं नाही, याचं माझं मलाच आश्चर्य वाटतं.

तुझी,
आत्या


इंदूर, २९ नोव्हेंबर १९९३

ती. आत्या,

डोळा आता उघडला असेल. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

परवा, शनिवारी, आमचा प्रयोग होता. संध्याकाळी सहाची वेळ. सकाळी बाबांना म्हटलं, याल का? ते तांदूळ निवडत होते. “बघू,” म्हणाले आणि पुन्हा खडे शोधायला लागले. मी जयेशच्या स्कूटरवर निघालो.

सभागृह भरलं होतं. अर्धी मिल आली होती. बंद पडलेल्या मिलच्या माणसांना संध्याकाळी दुसरं काम काय? मी दुसऱ्या रांगेत कडेला बसलो. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. वर जयेश एकटा, हात पाठीमागे बांधून. मी उठलो. पायाला बांधलेल्या लोखंडी कॅलिपरचा खटका लावला, कुबड्या काखेत घेतल्या आणि पहिल्या पायरीवर डावा पाय ठेवला.

एवढ्यात मागून आवाज आला, “अरे भिया, हृषीभाई को पकड़ो, गिर जाएँगे!” काय होतंय हे कळायच्या आत मिलच्या साचे खात्यातले, मागांवरचे तिघे तगडे गडी धावत आले आणि मला उचललं. प्रेमाने, आत्या! जत्रेत पोराला उचलतात तसं. एका दमात पाचही पायऱ्या पार करून मला स्टेजवर उभं केलं. एक कुबडी खालीच राहिली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या तिघांसाठी.

मी म्हटलं, “मला परत खाली ठेवा.” त्यांना वाटलं, मी लाजतोय. एक जण म्हणाला, “अरे इसमें क्या, अपना ही काम है.” विंगेतून लक्ष्मीकांतजी ‘चालू करा, चालू करा’ अशा खुणा करत होते. परीक्षकांपैकी एक घड्याळ बघत होते. आणि खरं सांगतो, मी हरलो होतो. मनात म्हटलं, जाऊ दे, पहिलं वाक्य म्हणू आणि पुढे जाऊ. बारा वर्षं उचलूनच चढवलं, आणखी एकदा.

तेवढ्यात मागच्या दारापासून आवाज आला, “ए! सब अपनी-अपनी जगह पे!”

बाबा होते. कधी आले होते कोण जाणे. आत्या, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो मिलच्या गेटवरचा होता. सभागृहात कुजबुजणारे एकदम थांबले. ते तिघे ताठ उभे राहिले. बाबा मधल्या वाटेने पुढे आले, सावकाश. म्हणाले, “जहाँ से उठाया था, वहीं रखो उसको.”

“पर दौलतराव साब, गिर जाएगा तो?”

“तो गिरेगा. फिर उठेगा. नाटक उसका है. कोई हाथ नहीं लगाएगा.” मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “कर सुरू. पहिल्यापासून.”

त्या तिघांनी मला तितक्याच प्रेमाने उचलून खाली आणलं. एकाने माझा झब्बा झटकून नीट केला, कुबडी हातात दिली आणि तिघेही जाऊन बसले. बाबा बसले नाहीत. पहिल्या रांगेच्या कडेला उभे राहिले.

मी चढलो. तुझं ऐकलं, घाई केली नाही. तिसऱ्या पायरीवर कॅलिपर दगडात अडकला आणि मी एका बाजूला कललो. चारशे माणसांचा श्वास मला ऐकू आला, पण एकही खुर्ची वाजली नाही. मी पाय सोडवला आणि पुढे गेलो. पाचव्या पायरीवर आलो तेव्हा जयेश समोर उभा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नाटकात नव्हतं.

पुढचं सगळं बोललो. शेवटी त्या प्रॉम्प्टरचं वाक्य आहे, ‘इतकी वर्षं जे तुझ्या तोंडी घातलं, ते सगळं मला तुलाच सांगायचं होतं.’ ते म्हणून झालं तेव्हा दोन माणसं उठून गेली. मागे कोणीतरी शिट्टी मारली, त्याला कोणीतरी फटका मारला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. लक्ष्मीकांतजी अजूनही मित्रप्रेमच म्हणतात. अमिता मला म्हणाली, राहू दे, खरं सांगून धक्का देऊ नकोस, त्यांना सत्तरी तर गाठू दे.

नंबर आला नाही. वेळ सहा मिनिटं जास्त झाली म्हणून आमची एकांकिका स्पर्धेतून बाद. बाबा परीक्षकांशी भांडले. म्हणाले, “मी एकवीस वर्षं हजेरी घेतली आहे, मला वेळ शिकवू नका. त्याला उचलला ती मिनिटं नाटकात धरता येत नाहीत.” परीक्षकांनी मानलं नाही. पण त्यांच्यातले एक मला म्हणाले, नागपूरला प्रयोग करता का? तिथे पायऱ्या सात आहेत. मी म्हटलं, येतो, आणि उताराचा अर्जही घेऊन येतो.

सगळे पांगले. मी आणि जयेश मागच्या दाराशी मेकअप पुसत होतो. बाबा आले. जयेशकडे बघत राहिले. जयेश घाबरून उभा. मला वाटलं, आता काय ते होणार.

बाबा म्हणाले, “जेवलास का रे?”

“नाही, काका.”

“मग याला घेऊन घरी ये. मी पुढे होऊन पानं मांडतो.”

तिघे जेवलो. खिचडी होती, जरा खारट झाली होती, तरी तिघांनीही परत वाढून घेतली. हात धुताना बाबांनी जयेशला विचारलं, सकाळी कामाला किती वाजता निघतोस? तो म्हणाला, सातला. बाबांनी मान हलवली आणि आतून दुसरी उशी आणून माझ्या खाटेवर ठेवली.

“मग सहाला उठवतो दोघांना,” म्हणाले आणि दिवा घालवून झोपायला गेले.

तुझा,
हृषीकेश